साडेचारची भरती

गुरुवार, श्रावण शुद्ध षष्ठी. कोपरी.

येत्या पौर्णिमेला कोळीवाड्याची पाटीलकी राकेशकडे द्यायची, म्हणून आज सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "आज खाडीला भरती किती वाजता रे?" तिथीची पाऊणपट केली की वेळ निघते. पाटलाला एवढं यायलाच हवं.

"साडेचार, बाबा."

बरोबर! पण उत्तर देण्याआधी त्याने बहिणीकडे का बघितलं? मनीषा लसूण सोलत होती. तिचा हात थांबला... चार बोटं वर, अंगठा अर्धा दुमडलेला. की मला भास झाला? छे, तो अंगठा मी स्वतः बघितला. म्हणजे पागोटं याच्या डोक्यावर आणि अक्कल तिची?

पण बोलू कुठल्या तोंडाने? आबांनी मला विचारलं होतं, तेव्हा मीही ताईच्या बोटांकडेच बघितलं होतं.