‘थांब’ म्हणजे

प्रिय दादा,

आज दुपारी तुझी पहिली कॅसेट लावली आणि तिथेच लवंडले. डोळा लागता लागता वाटलं, तू समोरच बसला आहेस, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीला रजई लटकवून, गिटार मांडीवर घेऊन. आणि मी जमिनीवर, रेकॉर्डरच्या बटणावर बोट ठेवून.

त्या दिवशी शेवटचं गाणं संपल्यावर तू हळूच म्हणालास, "थांब." तुला म्हणायचं होतं, रेकॉर्डर बंद कर. मला वाटलं, जरा दम धर. मी बटण दाबलंच नाही. मग तू स्वतःशीच जे गुणगुणलास, ते सगळं आत गेलं. केवढा ओरडलास माझ्यावर! पण पुसलं नाहीस. ती कॅसेट अजून जपणारी जी चार माणसं आहेत, त्यांना नेमकं तेवढंच आवडतं.

दुसऱ्या कॅसेटलाही कुणी विचारलं नाही, तेव्हा तू परगावी नोकरी धरलीस. निघताना मी दारात तुझी बाही धरून म्हणाले, "दादा, आता थांब ना."

तू "बरं" म्हणालास. गिटार खांद्यावरून उतरवून माझ्या हातात दिलीस आणि गेलास.

परवा वहिनी फोनवर हसत म्हणाली, "हे गात का नाहीत विचारलं, तर म्हणतात, धाकटीच म्हणाली, आता थांब."

अरे, मी ‘जाऊ नकोस’ म्हणत होते रे.

हेही पत्र घडी करून कॅसेटच्या डबीतच जाणार, आधीच्या तिन्हींसारखं. पुन्हा लावलेली टेप अजून फिरतेय. तू गुणगुणतोयस.

तुझी,
अजूनही बटण न दाबलेली
धाकटी