शाईने गिरवलेला गोल

६ जानेवारी १९६४, सोमवार

चिखलीला पोहोचले. बीबीहून एसटीने अंग मोडून आलं, पण मन प्रसन्न आहे. शाळेने तीन महिन्यांची रजा दिली. बी.ए. होऊन चोवीस वर्षं झाली आणि आज पुन्हा विद्यार्थिनी म्हणून नाव घातलं. नाट्यवर्ग बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये भरतो. कोपऱ्यांतून अजून सरकीचा वास येतो. मी आत गेले तेव्हा सगळे ताडकन उभे राहिले. त्यांना वाटलं, तपासणीला कोणी बाई आली.

शिकवणारे उत्तमराव. माझं नाव लिहून घेताना म्हणाले, सत्यभामाबाई, नट व्हायला सगळेच येतात, रंगमंच सांभाळायला कोणी येत नाही. मी म्हटलं, मी त्यासाठीच आले आहे. आमच्या शाळेच्या दर संमेलनात पडदा अडकतो आणि राजा मिशी विसरतो. मला ते पाहवत नाही.

८ जानेवारी

आज वही मिळाली. सगळी विद्या हिच्यात आहे. डाव्या पानावर संवाद, उजव्यावर रंगमंचाचा नकाशा. प्रत्येक नट म्हणजे एक गोल, आत त्याच्या नावाचं अक्षर. कोण कुठून कुठे जाणार ते बाणाने दाखवायचं. हालचाली पक्क्या होईतो पेन्सिल, मग शाई. शाई म्हणजे हुकूम, उत्तमराव म्हणतात, मग मीही बदलत नाही. नाटक गेल्या सालीच बसवलेलं, प्रयोग झाला नाही. वहीही तीच आहे. नट बदलले तशी अक्षरं बदलली.

सुनेचं काम कोकिळा करते. उंद्रीची, सतरा वर्षांची, कशालाही खिदळणारी. तिचे वडील भगवानराव आज स्वतः आले. मला नीट न्याहाळून म्हणाले, तुमी हायेत म्हणून पोरीले पाठवतो, बाई. मी शब्द दिला.

१२ जानेवारी, रविवार

उत्तमराव पडद्याचं कापड आणायला अकोल्याला गेले, आठवड्याने येतील. हालचाली तर पक्क्या झालेल्या दिसतात. अर्धवट काम मला डोळ्यांसमोर नको असतं. सकाळी बसून अख्खी वही शाईने गिरवली. तिसऱ्या अंकात दाराशी एक गोल रिकामा होता, अक्षरच नाही. घालायचं राहिलं असेल. तोही गिरवला.

१३ जानेवारी

तिसऱ्या अंकाची तालीम. सासऱ्याचं काम करणारा पुंजाजी तहसिलीत कारकून आहे, माणूस सरळ. पण दाराकडे सरळ जाईना, वळसा घालून गेला. तिसऱ्यांदा फैलावर घेतलं तर म्हणतो, त्या बाई उभ्या हायेत ना तिथं. कोणत्या बाई? त्याने रिकाम्या दाराकडे बोट केलं. बाकीचे हसले, याले चष्मा घेऊन द्या म्हणाले. मग तेही वळसा घालूनच गेले.

१५ जानेवारी

सुतार नजीर सज्जा बांधतो आहे. तिसऱ्या अंकात सून जिन्याने त्यावर चढते. त्याने वहीतला शाईचा गोल पाहिला आणि हातातला रंधा खाली ठेवला. बाई, हे काऊन केलं? मग सांगितलं. गेल्या साली सुनेचं काम करणारी मुलगी तालमीत सज्ज्यावरून पडून मेली. उत्तमरावांनी तिचं अक्षर खोडलं. गोल मात्र कितीदा खोडला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसे. शेवटी पेन्सिलीतच राहू दिला. पेन्सिलीत होती तोवर दाराशीच थांबली, म्हणे.

मूर्खपणा. त्याला तसं तोंडावर सांगितलं.

पण गोल आज दाराशी नाही. जिन्यापाशी आहे. शाई माझीच.

१६ जानेवारी

ब्लेडने खरवडला. पान फाटलं. पुढच्या पानावर आहेच — तिसऱ्या पायरीवर.

कोकिळाला म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. हसली. मंग माह्यं काम कोण करन, तुमी?

१७ जानेवारी

नको म्हटलं तरी आली. पहिल्या अंकाची तालीम चालू होती, तिचा प्रवेशसुद्धा नव्हता. उठून जिना चढू लागली. वर पाहून म्हणाली, हाव, आली. मी दंड धरून ओढलं. तिला काही आठवत नाही.

वहीत सज्ज्यावर आता दोन गोल. एकात को. दुसरा रिकामा, अगदी चिकटून.

१८ जानेवारी, दुपार

पुन्हा चढते आहे. नजीर आणि पुंजाजी दोघांनी धरली, तरी आवरत नाही. मी वहीत लिहिलं आहे तेच ती करते आहे. मीच लिहिलं आहे.

टाक घेतला. को खोडून माझा स लिहिला. नट बदलला की अक्षर बदलतं, एवढं तरी नियमात बसतं.

कोकिळा थांबली. उतरली. चपला घालून बाहेर उन्हात गेली. बरं झालं. टेबलाशी बसून हे लिहिते —

टेबल नाही. वही मांडीवर आहे. खाली फळ्या. जिना मी कधी —

नजीर खालून ओरडतो आहे, कठडा अजून ठोकला नाही, मागे सरका. सरकते आहे. पण मागे कोणीतरी —