स्तानिया म्हणजे थांब

लिपोवो, ३ मे १९९६

ती. स्तानियाताईस,
सा. न., आणि थोडा राग.

चौथीही मुलगीच, तर ठेवा हिचं नाव स्तानिया, म्हणजे थांब, आता तरी मुली थांबतील, असं आजोबा तुझ्या पाळण्याकडे न बघताच म्हणाले होते. पुढच्या वर्षी मी झालो. हे तूच मला हसत सांगायचीस. मला कधी हसू आलं नाही.

आता आमच्या मिलोसावाला तिसरी मुलगी झाली आणि तिला बाळाचं नाव हेच ठेवायचंय. मी ओरडलो, तर म्हणते, बाबा, मला आत्याचं नाव हवंय, मुलगा नकोय. तिची सासू मात्र खूश! तिला वाटतं, सून शहाणी झाली, आता नातू नक्की. गावभर दारू पाजत सुटली आहे. ताई, त्या पोरीला जन्मभर नकोशी म्हणून हाक मारायची का? या नावापायी काय काय सोसलंस ते मिलोसावाला लिही. तुझं ती ऐकेल.

लोभ आहेच, या वेळी थोडं ऐकावंही.
तुझा,
वुकोता

कोलाशिन, ९ मे १९९६

चि. वुकोतास,
अ. आ. राग पोचला, बाळाचं वजन लिहायचं मात्र विसरलास.

सोसलं, खोटं कशाला बोलू? सुईण म्हणून रुजू झाले तेव्हा बाळंतिणी माझं नाव ऐकून सुखावायच्या, ही बाई असली की मुलगाच होणार. मुलगी झाली की अशा बघायच्या, जणू मीच फसवलं. मी बाळ पुसून त्यांच्या छातीवर ठेवायचे. या गावातल्या कितीतरी पोरी माझ्या हातात पहिल्यांदा रडल्या. आजोबांचा शब्द मी असा रोज मोडला, वुकोता. नाव आता माझं आहे, त्यांचं नाही. मी ते हव्या त्या पोरीला देईन.

मिलोसावाला कळवलंय, खुशाल ठेव. विहीणबाईंनाही फोन करून सांगितलं, ही पोर तुमच्या नातवाची वाट मोकळी करायला आलेली नाही. त्यांनी फोन आपटला.

आता तुझ्याकडे एक मागणं. तू झालास तेव्हा बाबांनी अंगणात बंदुकीचे बार काढले, सगळं खोरं दणाणलं. आम्हा चौघींच्या वेळी बंदूक खुंटीवरून उतरली नाही. रविवारी मिलोसावा बाळाला घेऊन तुझ्याकडे येईल. आमच्यात मुलीसाठी कुणी बार काढत नाही, लोक हसतील, हे सगळं तू म्हणशीलच. तरी लोभ असेल तर फाटकाशी उभा राहा, आणि माझ्या नावाच्या पोरीसाठी एक बार काढ.

तुझी,
स्तानिया