स्पिऑन कॉपचा चर

कार्ल्सरूहे, जर्मनी, गुरुवार, ९ फेब्रुवारी २००६

सुटलो बाबा! सेमिनारमधलं माझं रेफरात, म्हणजे वर्गापुढचं सादरीकरण, झालं एकदाचं.

विषय बोअर युद्धातला, दक्षिण आफ्रिकेतला स्पिऑन कॉप. इंग्रज रातोरात डोंगर चढले, धुक्यात माथ्यावर चर खणून बसले. सकाळी धुकं विरल्यावर कळलं की चरातून खालचा उतार दिसतच नाही. बोअर, म्हणजे तिथले डच वंशाचे शेतकरी, त्याच उताराने वर आले.

आणि मी शहाण्याने कॉम्प्युटरवर बनवलेल्या त्या डोंगराच्या मॉडेलमध्ये चर कुठे ठेवला? पार कडेला! शिकतोय सर्व्हेचं, हात उतार दिसेल तिथेच जाणार. पडद्यावर चरातून अख्खा उतार स्वच्छ दिसायला लागला. प्रोफेसर म्हणाले, "आल्झो, बरं, मग हे इंग्रज हरले कसे?"

कान तापले. थाप मारावी का? नाही मारली. "चूक माझी आहे," म्हणालो आणि सगळ्यांदेखत चर मागे, खऱ्या जागी सरकवला. क्षणात उतार गायब!

"गेनाऊ, अगदी बरोबर," प्रोफेसर हसले. "आता मलाही कळलं." पास!

घरी येऊन मस्त चहा केला. पण तो चर काही डोक्यातून जाईना. मी एका क्लिकमध्ये हलवला. त्या इंग्रजांचे मेलेले सैनिक मात्र त्याच चरात पुरले. शेवटच्या स्लाइडवर होतं ते. सुटल्याच्या आनंदात वर्गाला वाचून दाखवायचंच राहिलं.