सुरंगवाडी नाक्यावर जप्त झालेली बाटली न ओतता परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. दारूबंदी निरीक्षकसाहेब,
बंदर नाका, सुरंगवाडी,
तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी

विषय : जप्त बाटली आतील वस्तूसह तातडीने परत मिळणेबाबत.
संदर्भ : 'मालकीचा पुरावा सादर करावा' असे आपले दि. १३ मे चे पत्र.

महोदय,

मी, सौ. सुभद्रा सदानंद चिंदरकर, येथील मुलींच्या शाळेतील शिक्षिका, सविनय कळविते की,

१. या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आपल्या नाक्यावर, मुंबईच्या बोटीसाठी निघालेले माझे यजमान श्री. सदानंद यांच्या पिशवीतून जी बाटली जप्त झाली, तीत पिण्याची दारू नाही. माझ्या डाव्या स्तनातील गाठीचा तुकडा आहे. 'स्तन' हा शब्द सरकारी कागदावर लिहिताना माझाही हात अडखळला. पण यजमानांनी तो वेळेवर उच्चारला असता तर हा अर्ज करावा लागला नसता.

२. गाठ कॅन्सरची की साधी, हे मुंबईच्या इस्पितळात तुकडा तपासल्याशिवाय समजत नाही. आमच्या डॉक्टरांनी तो कापून काढला आणि तुकडा टिकवण्याचे फॉर्मॅलिन संपले असल्याने स्पिरिटात ठेवला. त्यांच्याकडे स्पिरिटचा परवाना आहे. तो दवाखान्यापुरता आहे, बोटीपुरता नाही, हा आपला मुद्दा मला समजला. गाठीला तो कसा समजावणार?

३. पंचनाम्यात यजमानांचे उत्तर असे आहे : "माशाचो तुकडो आसा, औषधाक व्हरतंय." औषधासाठी माशाचा तुकडा नेतो, हे उत्तर साफ खोटे आहे. त्या वेळी बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावाची वाट पाहणारे निम्मे गाव भोवती उभे होते. यजमान दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी गप्पा ठोकणारे गृहस्थ, पण बायकोच्या छातीचे नाव चारचौघांत घेण्यापेक्षा त्यांनी मासा पत्करला. त्यावर जमादारांनी "मगे मासो दारूत कित्याक बुडवलंस?" असे विचारले, ते रास्तच होते. पुढे एका पंचाने चव घेऊन खात्री करण्याची तयारी दाखविली, तेव्हा यजमानांनी बाटली हिसकावली. सरकारी कामात अडथळा आणल्याचा आरोप त्यांच्यावर आहे, तो एवढ्यासाठी. घरी येऊन मात्र ते रडले. मी त्यांना अद्याप माफ केलेले नाही, परंतु ते दारुडे नाहीत.

४. मालकी कबूल केल्यास मलाच आरोपी करावे लागेल, असे आपण लिहिता. कबूल आहे. परंतु येत्या बुधवारी मुद्देमाल पंचांसमक्ष ओतून नष्ट करणार, हे वाचल्यापासून मला एका जागी बसवत नाही. चूल पेटवते आणि विसरते. उठून धक्क्यावर येते, नाक्याच्या खिडकीत बाटली आहे की नाही ते पाहते, घरी जाते, पुन्हा येते. दुपारी तिच्यावर थेट ऊन येते. ती सावलीत तरी ठेवावी.

५. दुसरा तुकडा काढावा, ही आपली सूचना वाचली. साहेब, हा माड नव्हे की एक नारळ गेला तर दुसरा पाडावा. जखम भरलेली नाही, डॉक्टर पुन्हा हात लावण्यास तयार नाहीत आणि तपासणीशिवाय इस्पितळात खाट मिळत नाही. पावसाळ्यापूर्वीची शेवटची बोट पुढच्या शनिवारी सुटते. बाटली मिळाल्यास ती घेऊन मी स्वतः त्या बोटीने जाईन. त्यानंतरची बोट पावसाळा संपल्यावर. तोवर गाठ वाढणार नाही, अशी हमी एखादे खाते देत असल्यास कळवावे. मला भीती वाटते, हेही येथे नमूद करते.

६. आता मालकीचा पुरावा. माझ्याकडे पावती नाही. ज्याचा तो तुकडा आहे, तो उरलेला माल मात्र माझ्याजवळ आहे आणि त्यावर टाके आहेत. बुधवारी सकाळी तो घेऊन मी नाक्यावर हजर राहीन. पंचांनी खुशाल पडताळून पाहावे.

निकालापर्यंत धक्क्यावरच सापडेल अशी,
आपली नम्र,
सौ. सुभद्रा सदानंद चिंदरकर
सुरंगवाडी, दि. १५ मे १९५९

सोबत : डॉक्टरांची चिठ्ठी, परवान्याची नक्कल.

ता. क. हा अर्ज यजमानांच्या हाती पाठवीत आहे. तो आपणासमोर उभे राहून मोठ्याने वाचावा, असे मी त्यांना सांगितले आहे. पहिल्या परिच्छेदापाशी ते थांबले, तर साहेबांनी कृपया घाई करू नये.