धुऱ्यावरचं कुंकू आणि ॲडमिन

३ सप्टेंबर, बुधवार

आजपासून रोजनिशी. वाचणारा मी एकटाच. तरीही सगळं लिहिणार नाही.

नाटक कंपनीवाले बापूराव घरी आले होते. दिवाळीनंतर आमच्या गावच्या मंडईच्या जत्रेत यंदा माझं नाटक लावायचं म्हणाले. ‘धुऱ्यावरचं कुंकू’, शेताच्या धुऱ्याबांधाची गोष्ट, तीन अंकी, कौटुंबिक. इतकी वर्षं लिहितो आहे, पण आजवर एकाही कंपनीने माझं नाटक घेतलं नव्हतं. माईकवरून “लेखक गुणवंतराव” ऐकू येणार. हे नाव वहीत दोनदा लिहून पाहिलं. आनंदाने.

पण लगेच अट. हाताने लिहिलेली वही चालणार नाही. लोकेश प्रॉम्प्टरला माझं अक्षर लागत नाही म्हणे. “वर्डमंधी टाइप करून आना न भाऊ.”

वनखात्यात जन्म काढला, वनपाल म्हणून रिटायर झालो. माझे पंचनामे कोर्टाला लागले, आणि लोकेशला अक्षर लागत नाही? वही चोरायची तर घरात शिरावं लागतं. कॉम्प्युटरमधून घरी बसून चोरता येतं. कुठेतरी पाणी मुरतं आहे.

५ सप्टेंबर

ठराव: आठ दिवसांत वर्ड शिकणे. बाहेरच्याकडून टाइप करून घेणे नाही म्हणजे नाही.

मुलगा प्रफुल पुण्याला असतो. त्याने टाकून दिलेला लॅपटॉप काढला. पोंभुर्ण्याला मयुरीबाईंचा कॉम्प्युटर क्लास आहे, तिथे नाव घातलं. सहज विचारलं, नाटकं पाहता का? “पाह्यते न काकाजी, लय आवडते मले.” हे आधी का सांगितलं नाही?

९ सप्टेंबर

सकाळभरात ‘पहिला अंक’ एवढं टाइप झालं. खाली लगेच लाल नागमोडी रेघ. मी काही केलं नव्हतं. म्हणजे आतून कोणीतरी वाचतो आहे, आणि पहिल्या दोन शब्दांतच चूक काढतो आहे.

मयुरीबाई म्हणाल्या, ते मशीन आपोआप करते, त्याले मराठी येत नाई. मराठी येत नाही तर चुका कोणाच्या जोरावर काढतो?

१५ सप्टेंबर

कट, कॉपी, पेस्ट शिकलो. त्यातली कॉपी मला अजिबात पसंत नाही. कॉपी केली की मूळ मजकूर जागचा हलत नाही आणि दुसरीकडेही तोच उभा राहतो. जंगलातून साग गेला तर निदान खुंट तरी दिसायचा. इथे चोरी होऊनही झाड जागेवर.

विचारलं, कॉपी केलेलं मधल्या वेळात असतं कुठे? क्लिपबोर्डवर. तो कुठे आहे? “दिसत नाई जी तो.” वा.

२२ सप्टेंबर

नाटकाची सासू दुसऱ्या अंकात मरते. तिला तिसऱ्यात मारायचं ठरवलं. पूर्ण मृत्यू सिलेक्ट केला, कट केला, चहाला उठलो. परत येऊन वाटेत ‘बैलबंडी’ हा शब्द कॉपी केला आणि तिसऱ्या अंकात पेस्ट दाबलं. सासूच्या जागी बैलबंडी. पुन्हा दाबलं. आणखी एक बैलबंडी. सासू गायब.

लॅपटॉप तसाच उघडा काखेत धरून बसने क्लास गाठला. रस्ताभर वाटत होतं, लोकेशच. मयुरीबाईंनी कंट्रोल धरून झेड दाबत दाबत सासू परत आणली. म्हणाल्या, क्लिपबोर्डात शेवटचं कॉपी केलेलंच राह्यते. पण सासू नेमकी मी चहाला गेलो तेव्हाच कशी गेली, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही.

२८ सप्टेंबर

शकूला खोलीत यायची बंदी केली. बायको म्हणून विश्वास आहेच. पण तिची बहीण वडशाला राहते, आणि आमच्या झाडीपट्टीच्या सगळ्या नाटक कंपन्या वडशाला. मी काही म्हणत नाही, नकाशा म्हणतो.

शकू झाडू घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, “खोली तुमची आहे जी, मान्य. पन झाडली मीच आहे आजवर.” आणि गेली.

त्यानंतर चहा संपायच्या आत मला एक अप्रतिम संवाद सुचला. नायिका भागीरथी घर सोडताना सासऱ्याला म्हणते, “घर तुमचं आहे जी, मान्य. पन झाडलं मीच आहे आजवर.” अंगावर काटा आला. मला हे कुठून सुचतं, माझं मलाच कळत नाही.

५ ऑक्टोबर

वर्डमध्ये शेवटी एक कामाची गोष्ट सापडली. कॉमेंट. संवादावर बोट ठेवायचं, कॉमेंट दाबायचं, बाजूला समासात चौकट उघडते. तिथे आपला शेरा लिहायचा. मूळ नाटकाला धक्का नाही.

एकच खटकलं. प्रत्येक शेऱ्यावर आपोआप ‘ॲडमिन’ नाव येतं. हा इसम कोण? मयुरीबाई म्हणाल्या, “काकाजी, लॅपटॉपात ते नाव टाकून आहे. ॲडमिन म्हंजे तुमीच.” मी गुणवंतराव. बदलून देऊ का म्हणाल्या. नको म्हटलं. उद्या शेरे कोणाच्या हाती लागलेच तर ॲडमिन अडकेल, मी सुटेन.

१२ ऑक्टोबर

बापूराव आणि लोकेश यांना घरी बसवून वाचन केलं. लॅपटॉप माझ्याच मांडीवर, स्क्रीन माझ्याकडे. वाचता वाचता शेरे टाकत गेलो. बापूरावांनी कुठे डोळे मिटले, लोकेशने कुठे “मंग पुढं काय होते?” विचारलं. पुढचं आधी कळून याचा काय फायदा? सगळी नोंद केली.

शकूच्या बाबतीतही नोंदी आहेत. लाखोरीची डाळ निवडताना, भांडी घासताना ती काहीबाही बोलत असते. त्यातलं एखादं नाटकात येतं. माणूस बोलतो ते हवेत जातं, लेखक ते पकडतो, यात चोरी कसली? तरी माल कुठून आला ते लिहून ठेवायची खात्यातली सवय.

बापूरावांना नाटक आवडलं. बोलणी पक्की. मी फार खूश आहे.

१७ ऑक्टोबर

नाटक पूर्ण. छापण्याआधी शेऱ्यांचं काय करायचं? मयुरीबाईंनी दाखवलं. लपवता येतात, डिलीटही करता येतात. म्हणाल्या, “डिलीटच करा काकाजी. लपोलेले दुसऱ्या मशीनवर दिसू शकते.” एवढी घाई का बुवा? पुरावा नष्ट करणाऱ्यांपैकी मी नाही. लपवले. स्क्रीन धुतल्यासारखी स्वच्छ.

३० ऑक्टोबर

छपाई. पोंभुर्ण्यात सगळे ओळखतात, चंद्रपुरात सगळे नाटकवाले. म्हणून घुग्घुसला गेलो. तिथे सगळे कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक, नाटकाशी कोणाला काय घेणं?

दुकानदाराच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला आणि शेवटपर्यंत त्याच्या दोन्ही हातांवरून नजर हटवली नाही. त्याने विचारलं, साइडले लाल-लाल काही येऊन राह्यलं, राहू द्यायचं का? मला बोलण्यात गुंतवायचा डाव. म्हटलं, तुम्ही प्रिंटकडे बघा. पानं निघाली तशी पालथी घालून पाकिटात टाकली आणि तिथेच लाख लावून सील केलं.

बापूरावांना सांगितलं, सील मंडईच्या दिवशी पडदा वर जातानाच फोडायचं, लोकेशनेच. तालमीचं काय, असं विचारतच होते. पण आपल्या झाडीपट्टीत तालीम असतेच किती? नट येतात, तोंडाला रंग लावतात, प्रॉम्प्टर आडून वाचतो तसं बोलतात. गोष्ट त्यांनी ऐकलेली आहे. शेवटी कबूल झाले.

८ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी ४

आज प्रयोग. मंडप भरणार. शकू नवी साडी नेसते आहे, समोरच बसणार म्हणाली. मी नवा सदरा घातला आहे. एवढी काळजी घेतल्यावर चूक व्हायला जागाच उरलेली नाही.

९ नोव्हेंबर, दुपार

जे झालं ते पंचनाम्यासारखं क्रमाने लिहितो.

सील फोडलं तेव्हा पडदा वर जायला आला होता. मी मंडपाच्या मागे, टॉर्च घेऊन, मोबाईलवर शूटिंग करणाऱ्यांच्या मागावर. पहिला प्रवेश उत्तम. भागीरथी रडली, बाया रडल्या. मग एकदम हशा. कौटुंबिक नाटकात हशा? वळून पाहतो तर रंगमंचावर कंपनीचा विनोदी नट झिंगू, कोट घालून. माझ्या नाटकात कोटवालं पात्रच नाही.

झिंगू हात जोडून म्हणाला, “मी ॲडमिन. कंपनीवाले बापूराव हा संवाद ऐकताना डोळे मिटून होते. झोप की पाठांतर?”

मंडप हसून आडवा झाला. बापूरावांना इकडे कोण ओळखत नाही?

मी धावत सुटलो. गर्दीतून विंगेत पोचलो तर लोकेश सरळ आवाजात वाचत होता, “लोकेश प्रॉम्प्टरची नजर चोरट्याची आहे,” आणि बाहेर झिंगू तेच खड्या आवाजात बोलत होता. बंद कर म्हटलं. लोकेशने पान दाखवलं. उजव्या समासात लाल चौकटी, प्रत्येकीवर ॲडमिन, आणि प्रत्येकीतून एक रेघ थेट संवादापर्यंत. कुजबुजत म्हणाला, “भाऊ, हातच्या वहीत लेखकाले मागून सुचलं का तो समासात लिवते आन रेघ ओढून देते. आमी ते वाचतोच न. इथी वर नाव होतं, मंग नवं पात्र समजलो मी. बापूरावनं झिंगूले कोट घालून देल्ला.”

माझ्या लॅपटॉपवर शेरे लपलेले होते. घुग्घुसच्या दुकानदारावर माझा पूर्ण संशय आहे.

मी स्टेजकडे निघालो तर बापूरावांनी दंड धरला. स्वतःची थट्टा ऐकूनही तोंडभर हसत होते. “गुनवंतभाऊ, लोकं हासून राह्यले. आता थांबवू नोका.”

तिसरा अंक. भागीरथी उंबऱ्यात आली. “घर तुमचं आहे जी, मान्य. पन झाडलं मीच आहे आजवर.” बायांनी पदर डोळ्याला लावले. त्या क्षणासाठी मी इतकी वर्षं थांबलो होतो.

आणि ॲडमिन आला. झिंगूचाही आवाज उतरला होता. “हे वाक्य शकूचं. दारात झाडू घेऊन म्हणाली. तिला कळू देऊ नये, नाहीतर लेखक म्हणून नाव मागेल.”

कोणीच हसलं नाही. ते जास्त लागलं. सगळ्या माना बायांच्या बाजूला वळल्या. शकू समोर बघत बसली होती.

पुढे आणखी एक तसाच शेरा निघाला. मग आणखी एक. इतके असतील असं मला वाटलं नव्हतं. शेवटी शेवटी तर चांगला संवाद पडला की मंडपातून लोकच ओरडायचे, “कोनाचं हो?” आणि ॲडमिन कपाळाला हात लावून म्हणायचा, “शकूचं!” टाळ्या.

नाटक संपल्यावर माईकवरून लेखकाचं नाव घेतलं. ऐकू आलं नाही. बाया शकूभोवती जमल्या होत्या, तिकडे गलका होता. घरी येताना ती पुढे, मी मागे. मला लाज वाटली. फार वाटली.

अर्थात, शेरे लिहिले कोणी? मीच. म्हणजे हशा माझाच.

११ नोव्हेंबर

ठराव: प्रयोग यशस्वी समजणे. मंडई कमिटी सत्कार करणार अशी कुणकुण आहे. शाल माझ्या मापाची असेल.

शकू बोलत नाही. जेवण वाढते, ताटाकडे बघून. मीच विषय काढला. सांगितलं की लेखक हा मधमाशीसारखा असतो वगैरे. ती भांडं विसळत होती, थांबली. म्हणाली, “इचारलं असतं तं मी नाई थोडी म्हटलं असतं.”

मग उरलेली भांडी विसळली.

१३ नोव्हेंबर

सत्कार झाला. शाल नव्हती, साडी होती. मी फोटोत आहे, डावीकडे.

१६ नोव्हेंबर, रविवार

बापूरावांचा फोन. मी उचलला, बोला म्हटलं. “भाऊ, पुढच्या सीझनसाठी ॲडमिनवालं नाटक मांगून राह्यले गावोगावी. जरा बाईले द्या न फोन.”

दिला. बराच वेळ बोलत होती. दोनदा हसली. मी दाराआड होतो, पण पंखा चालू होता.

नवं नाटक ठरलं. लेखिका शकुबाई. गोष्ट काय आहे ते मला सांगितलेलं नाही. ती सांगणार, मी टाइप करणार. मला वर्ड येतं, ते ती बापूरावांना फोनवर मोठ्या कौतुकाने सांगत होती. मला बजावलं, “मधात आपलं काही घालू नोका.”

म्हटलं, ठीक आहे, पण ॲडमिनचे संवाद तरी मीच लिहायला हवेत. संशय घेणं सोपं नसतं, त्याला अनुभव लागतो.

“राहू द्या जी,” म्हणाली. “लगन झालं तवापासून ऐकून राह्यली. पाठ आहे मले.”

उद्या सकाळी, तिची भांडी आटोपल्यावर, पहिला अंक.