हँडलला तेल घालू नका

बाई, मागच्या हिवाळ्यात मी एका शिक्षिकेला 'बाई' अशी हाक मारली आणि तिने हातातला फोन टेबलावर आपटला. तुम्ही असतात तर हसला असतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी बोलताना माझं मराठी जरा अडखळतं. इथे अमेरिकेत, हर्नडनमध्ये, दिवसभर तोंडात ब्रेक, बेल्ट, अपॉइंटमेंट एवढंच. बायको म्हणते, 'अहो, बसा की जरा एका जागी, काय झालंय तुम्हाला?' काय झालंय ते मला तिलाही नीट सांगता येत नाही. बसवत नाही, म्हणून लिहितोय.

शाळेत तुम्ही मला तिखट कानाचा म्हणायचात. आता त्या कानांवरच माझं घर चालतं. गाडी दारातून आत येतानाच मी सांगतो, बेअरिंग गेलंय की बेल्ट सैल झालाय. पुण्या-नागपूरची सॉफ्टवेअरवाली पोरं बॉनेट उघडून म्हणतात, 'काका, कॉम्प्युटर नंतर लावा, आधी तुम्ही ऐका ना.' ऐकतो. गॅस स्टेशनवर काचा पुसण्यापासून सुरुवात केली होती, आता माझं स्वतःचं गॅरेज आहे, आणि काउंटरवर फोन घ्यायला एक अफगाण बाई ठेवली आहे. तिशीची असेल. काबूलमध्ये मुलींच्या शाळेत भाषा शिकवायची. सरकार बदललं, शाळा बंद झाली, आणि ती हातातल्या एका पिशवीनिशी इकडे आली. आईवडील आणि धाकटी बहीण तिकडेच राहिली. लहानपणी काही वर्षं ती पेशावरात होती, पुढे हिंदी सिरियली बघितल्या, त्यामुळे आमचं हिंदी-उर्दूत चांगलं जमतं. मला ती काका म्हणते. त्यांच्या भाषेतही काका म्हणजे काकाच, हे कळलं तेव्हा मला उगाचच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं.

एक दिवस मी सकाळी लवकर गेलो, तर वेटिंग रूममध्ये ही फोन समोर ठेवून वर्ग घेत होती. इथली सकाळ म्हणजे काबूलमधली कलती दुपार. तिच्या बहिणीच्या खोलीत चार-पाच मुली जमायच्या आणि ही इथून शिकवायची. तिथे सहावीनंतर मुलींना शाळा नाही, हे तुम्हाला कसं सांगू? पुन्हा सांगतो, सहावीनंतर नाही. मी दाराशी उभा राहून ऐकलं. शब्द कळत नव्हता, पण चुकलेला शब्द परत म्हणायला लावण्याची तऱ्हा कळत होती. वर्ग संपल्यावर मी अगदी मनापासून म्हणालो, 'बाई, चहा घेणार?' आणि तो फोन आपटला गेला.

'काका, मैं आपके यहाँ काम करती हूँ. आपकी बाई नहीं हूँ.'

सिरियलीत बाई म्हणजे धुणीभांडी करणारी, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मग मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं. आमच्याकडे बाई म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं माणूस. तुम्ही रस्त्यात दिसलात की सरपंच बिडी पाठीमागे लपवायचा, हेसुद्धा सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग हसली. म्हणाली, 'आमच्या उत्तरेकडे बाय म्हणजे श्रीमंत जमीनदार. बघा काका, मान जमीनदाराचा आणि पगार तुमच्या सिरियलीतल्या बाईचा!' त्या दिवसापासून मी तिला बाईच म्हणतो, आणि ती 'जी काका' म्हणते.

वर्ग चालू असताना फोनमधून एक आवाज यायचा. खर्र-कुइं, खर्र-कुइं. हाताने फिरवायचं शिवणाचं मशीन, जुनं आणि तेलाविना कोरडं पडलेलं. मला राहवेना. कुठलंही यंत्र कण्हत असलं की माझे हात शिवशिवतात. मी म्हणालो, 'बाई, पोरींना सांगा, मशीनला तेल घाला.' तिने सांगितलं. पलीकडून तोंडावर हात धरून दाबलेलं हसू. बहिणीने काहीतरी उत्तर दिलं आणि हिने ते मला सांगितलं: 'ती म्हणते, काकांना सांग, तेल घातलं तर आम्ही मुक्या होऊ.'

बायकांचा आवाज घराबाहेर ऐकू जाता कामा नये, असा तिथे आता कायदा आहे. मोठ्याने वाचलेलं रस्त्यावर गेलं तर गुन्हा. शिवणकाम करायला मात्र हरकत नाही. म्हणून एक मुलगी मशीनचं हँडल फिरवायची आणि त्या कुरकुरीआड दुसरी फोनशी तोंड नेऊन वाचायची. सुईत दोरा नाही, खाली कापड नाही, नुसतं मशीन फिरतंय. ज्या आवाजाला मी रोग समजत होतो ते त्यांचं दार होतं. पण तसंच फिरवत राहिल्या तर महिन्या-दोन महिन्यांत मशीन बसणार, हेही मला ऐकू येत होतं. तेव्हा मी त्यांना बारीक सगळं सांगितलं: खाली बॉबिनच्या घरात तेल घाला, वर सुईच्या दांड्याला घाला, पण हँडलच्या गिअरला थेंबही घालू नका. मशीन टिकेल आणि ओरडतही राहील. सगळी हयात यंत्रांना गप्प करण्यात गेलेला माणूस मी. त्या सकाळी मला इतका आनंद झाला की पहिल्या गिऱ्हाइकाचं ऑइल मी फुकट बदलून दिलं. तो पुण्याचा होता, त्याला संशय आला. 'काका, काही राहिलं नाही ना आत?'

मग वर्ग हा माझ्याही दिवसाचा भाग झाला. त्या वेळात मी गाडी उचलायची लिफ्ट चालवायचो नाही, कुणी आलं तर बाहेरच थांबवायचो. एकेकीचा आवाज ओळखू यायला लागला. एक फार जपून वाचायची, एक धावायची. बहीण मधेच थांबून काहीतरी खोचक विचारायची, आणि हिच्या चेहऱ्यावर राग आणि कौतुक एकदमच दिसायचं. तुमच्या चेहऱ्यावरही दिसायचं तसं. अजून दिसतं, गावातल्या तुमच्या त्या खोलीतल्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात बसून मी वाचतोय, तुम्ही पिठलं हाटताय, आणि तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणताय, 'तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतोस? कुणाला घाबरतोस इथं?' मी घाबरत नव्हतो, बाई. मला भूक लागली होती.

उन्हाळ्यात तिथे खालच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आला. सरकारात कुठेतरी कामाला. त्याने एकदा जिन्यात तिच्या वडिलांना विचारलं, अगदी हसत, की तुमच्याकडे मशीन रोज चालतं, पण शिवलेलं काही बाहेर जाताना दिसत नाही, ते कसं? एवढंच. दुसऱ्या दिवशीपासून बाकीच्या मुली यायच्या थांबल्या. वडिलांनी वर्ग बंद म्हणून सांगितलं, आणि घाईघाईने धाकटीसाठी एक स्थळ बघितलं, दूर गावाकडचं. लग्न झालं की ती सुरक्षित आणि आपणही, असा त्यांचा विचार. बहीण म्हणाली, मी नाही थांबणार. तिला थांबवायचं की नाही, ते हिच्यावर आलं.

'काका, मी इथे काउंटरवर बसलेय,' ती म्हणाली. 'माझं काय जातंय? पकडलं तर बाबांना पकडतील. तुमच्या बाईंनी काय केलं असतं?'

मला लगेच आठवलं, आणि फार विचार न करता मी सांगूनही टाकलं. माझ्या वर्गातली ती मुलगी सातवीनंतर शाळेत यायची बंद झाली होती आणि तुम्ही मला घर दाखवायला बरोबर नेलं होतंत. तिचा बाप ओसरीवर बसला होता, त्याने तुम्हाला घोंगडं अंथरलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'बाई, तुमचं काय जातंय? तुम्ही सांजच्या एसटीनं तालुक्याला जाल. उद्या काय बरंवाईट झालं तर पोरगी हितंच ऱ्हाणार, आन् मी बी.' तुम्ही कप खाली ठेवून उठलात. स्टँडपर्यंत इतक्या भरभर चाललात की मला पळावं लागलं. आणि पुढच्या जूनमध्ये तुम्ही रेशन दुकानामागची ती खोली घेऊन गावातच राहायला आलात. ती मुलगी परत शाळेत आली.

हिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'अच्छा. तुमच्या बाईंनी खोली घेतली. मी काय घेऊ, काका? काबूलचं तिकीट? विमानातून उतरल्या उतरल्या मलाही तोंड मिटावं लागेल. मग शिकवणार कोण, तुम्ही?'

याचं उत्तर तुमच्याकडे असतं का? मी तेव्हापासून हेच उलटंपालटं करतोय. आपल्या गावात बाप अडवत होता, पण सरकार तुम्हाला पगार देत होतं. शाळेवर पाटी होती, घंटा होती, अडवणाऱ्या बापालाही मनातून ठाऊक होतं की बाई म्हणजे सरकारी माणूस. तिथे उलटं आहे. हा बाप पोरींना शिकवायला निघालेला. लहानपणी आजारी पडली तरी रात्री-अपरात्री धाकटीला कडेवर घेऊन धडे म्हणून घ्यायचा, असं ही सांगते. आणि अडवणारं सरकार. माणूस अडवत असला तर त्याच्या ओसरीवर जाऊन बसता येतं. सरकारची ओसरी कुठे असते, बाई? माझी मुलगी इथे जन्मली, वकील व्हायचंय तिला. तिला हे सांगितलं तर म्हणाली, 'बाबा, बट दॅट्स हर व्हॉइस. हाऊ कॅन दे टेक हर व्हॉइस?' तिच्या बोलण्यात एवढी खात्री होती की मला तिचा हेवा वाटला आणि भीतीही.

शेवटी दोघी बहिणींनी आपापसांत ठरवलं. बहीण आता फोनवर बोलत नाही. ठरलेल्या वेळी ती फोन लावते, कानात इअरफोन घालते आणि मशीन फिरवत बसते. ही इथून शिकवते. एका ओळीनंतर थांबते. पलीकडून मशीन एकदा थांबून पुन्हा सुरू झालं की समजायचं, कळलं. दोनदा थांबलं की परत सांग. लग्नाचं विचारलं तर बहिणीने मेसेज केला होता: अजून काही ठरलेलं नाही, मशीन चालू आहे तोवर मी शाळेत आहे. ते वाक्य हिने मला तीनदा वाचून दाखवलं. तेव्हापासून फोनमधून खर्र-कुइं आलं की हिचा चेहरा उजळतो. 'सुन रहे हैं, काका? आली बघा.'

ऐकतोय ना. तेच तर झालंय. आमच्या घरासमोर शिंप्याचं दुकान होतं, तुम्ही तिथेच ब्लाउज टाकायचात. माझं निम्मं लहानपण त्याच्या फळीखाली गेलं. रिकामं मशीन कसं वाजतं आणि सुईखाली कापड असलं की कसं वाजतं, हे मला झोपेतही कळेल. रिकाम्याचा आवाज मोकळा, खुळखुळता असतो. कापड आलं की तो दबतो. गेले दोन आठवडे तो दबलेला आहे. आधी वाटलं, शेजाऱ्याला दाखवायला काहीतरी शिवत असेल, शहाणी पोरगी. पण उशा-अभ्रे असे वाजत नाहीत. जाड कापड आहे, पदरावर पदर, सरळ लांबच्या लांब शिवण, मग थोडं थांबून, चुण्या सारून, पुन्हा तेवढीच लांब. मोठा घेर शिवतात तसं. अंगावर काहीतरी जड घालायचं असतं, एकाच दिवशी घालायचं असतं, तसं. आणि मशीनचं थांबणंही आता हिच्या ओळींशी जुळत नाही. शिवण संपते तिथे ते थांबतं. ही समजते, कळलं. आणि पुढची ओळ घेते.

माझी चूक असू शकते. वाहनांचे आवाज ऐकणारा माणूस मी, सातासमुद्रापलीकडच्या फोनमधून कापड काय ओळखणार? हे मी स्वतःला रोज सांगतो, आणि रोज सकाळी अजून लवकर गॅरेजवर जातो. मी बोललो तर ही वडिलांना फोन लावेल, रडेल, भांडेल, कदाचित तो फोनच बंद होईल. नाही बोललो तर एक दिवस ती गावाकडे नांदायला गेलेली असेल, मशीन वाजणार नाही आणि हिला काहीच ठाऊक नसेल. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. वाटलं होतं, लिहिता लिहिता तुम्ही काहीतरी बोलाल.

आजही वर्ग संपल्यावर ती वळून म्हणाली, 'काका, आज सगळं एका दमात समजलं तिला, एकदाही परत सांगावं लागलं नाही.' मी म्हणालो, 'हुशारच आहे, बाई, तुमची बहीण.'